कुसुमची पोत

कुसुम, तुझ्या गळ्यातली पोत मी कापली.

तू तेव्हा अंगणात चटईवर होतीस. बाकी सगळ्यांनी पाहिलं. तुझ्या कॉलेजच्या मुलींनी तेवढं पाहिलं नाही, कारण त्यांची गाडी गोंदियाहून सौंदडला पोचेपर्यंत तुला उचललं होतं. आता त्याच मुली तुझ्यावर अंक काढणार आहेत आणि मी त्यात चार शब्द लिहावेत म्हणून मागे लागल्या आहेत. चौथी शिकलेल्या बाईला लिहायला सांगायचं म्हणजे धाडसच. मॅडमबद्दल जे आठवेल ते लिहा, म्हणाल्या. मला सध्या एवढं एकच आठवतं. तू चांगली होतीस, हुशार होतीस, गोड बोलायचीस, हे दुसरे लिहितील. त्यातलं गोड बोलायचीस हे खोटं आहे, पण लिहितील.

तुला आंघोळ घातली, कानातले काढले, हातातलं घड्याळ काढलं. मग पार्वताबाई पुढे वाकल्या. तुझी चुलत वहिनी, माझी थोरली जाऊ. त्यांना आता नीट दिसत नाही, पण जे पाहायचं ते बरोबर दिसतं. त्यांनी तुझ्या गळ्याशी बोट घातलं आणि पोत बाहेर ओढली.

"काऊन वं, कुमारीच्या गळ्यात काळे मणी?"

त्यांनी पोत डोळ्यांजवळ नेली.

"अन् मणी बी धड नाहीत ओवलेले. मोडक्याची आहे का काय?"

हे मोडक्याचं मुलींना कळायचं नाही, म्हणून सांगते. आपलं घर पटव्याचं. पोती ओवायच्या, गोंडे करायचे, बाजारात बसायचं. पोतीत काळे मणी इतके, मग एक सोनेरी, पुन्हा तितकेच काळे, पुन्हा एक सोनेरी, असा सारखा फेरा असतो. गिऱ्हाईक बाई पोत हातात घेऊन आधी तो फेराच पाहते. फेरा कुठे चुकला असेल तर ती समजते की ही कुणाची तरी तुटलेली पोत आहे, सांडलेले मणी गोळा करून पुन्हा ओवलेली. कुणाची तुटली आणि का तुटली, हे कोण विचारत बसणार? ती खाली ठेवते आणि दुसऱ्या दुकानाकडे जाते. तिलाच मोडक्याची म्हणतात. पटव्याच्या घरात याहून वाईट शिवी नाही.

तुझ्या पोतीत फेरा नव्हताच. मुद्दाम नव्हता. तुझ्या सांगण्यावरून मीच ती ओवली होती. हे सांगायला मला एक वाक्य पुरलं असतं. साऱ्या सौंदडला माहीत आहे की मी कुणाचं ऐकून घेत नाही. सरपंचाला मी भर बाजारात खोटारडा म्हटलं आहे. आणि त्या दिवशी माझ्या तोंडाला कुलूप लागलं.

"पटवीन ना तू? काढ मग. माणसं थांबून राहिली," पार्वताबाई म्हणाल्या.

कमरेच्या पिशवीत माझी कात्री असते. मी ती काढली आणि मानेमागून दोरा कापला. मणी तुझ्या गळ्यावरून चटईवर आले, चटईवरून अंगणात. एक बाई म्हणाली, झाडून घ्या लवकर, पायात येतील.

गाठ माझ्या हातची होती. ती सोडायला मला डोळे उघडे ठेवायचीसुद्धा गरज नव्हती. सोडली असती तर पोत अख्खी हातात आली असती. माणसं थांबली होती म्हणून मी कापली, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. तेवढा वेळ माणसं थांबली असती. ती थांबायलाच आलेली असतात.

तुझा दादा गेला तेव्हाचं मी विसरले नाही. बाया जमल्या होत्या, माझी पोत तोडायला. एकीनं हात घातलासुद्धा. तू मधे येऊन बसलीस. "वहिनीच्या गळ्याले कोणी हात लावायचा नाही," म्हणालीस आणि माझ्या मागे बसून नखांनी ती गाठ सोडवत राहिलीस. तुला गाठी सोडवता येत नव्हत्या. घरात जन्म काढलास, पण हात तुझा खडूचाच. बाया कुरकुरत होत्या, कोणीतरी बाहेरून ओरडत होतं, आणि तू सोडवत होतीस. पोत अख्खी निघाली. तू ती माझ्या ओंजळीत ठेवलीस. मी तेव्हा तुला काही म्हटलं नाही. रागच आला होता थोडा, की ही तमाशा लांबवून राहिली. धन्यवाद वगैरे आपल्यात कोणी म्हणत नाही. पण मला म्हणता आलं असतं.

आता मुलींना जे हवं आहे ते सांगते, म्हणजे तुझ्या गणिताचं. मला त्यातलं जेवढं कळलं तेवढंच.

तू नागपूरला शिकत होतीस आणि सुट्टीत आली होतीस. मी ओसरीत मणी निवडत होते. काय शिकतेस म्हणून विचारलं तर म्हणालीस, शब्दांचं गणित. पण अक्षरं दोनच. त्या दोन अक्षरांचे लांब लांब शब्द करायचे, त्यांना अर्थ नसला तरी चालतो, आणि त्यांत काय काय येतं, काय टाळता येतं, काय टाळता येत नाही, ते शोधायचं.

"अर्थ नाही तर शब्द कायचे?" मी म्हटलं.

"मग मणी समज. काळा अन् सोनेरी. दोनच."

"दोन रंगांचे मणी ओवाले एवढ्या लांब नागपूरले गेली? घरीच बसली असती."

तू हसलीस आणि माझ्या सुपातून मणी उचललेस. म्हणालीस, लांब पोत ओवून दाखव, पण एक अट. आत्ताच ओवलेला तुकडा लगेच पुन्हा येता कामा नये. तुकडा एका मण्याचा असो की दहा मण्यांचा.

"यात काय आहे. हातभर ओवून देतो," मी म्हटलं.

काळा ओवला. सोनेरी ओवला. पुन्हा काळा. आणि माझा हात थांबला. चौथा काळा घ्यावा तर काळ्यामागे काळा. सोनेरी घ्यावा तर काळा-सोनेरी, काळा-सोनेरी, तोच तुकडा दोनदा. काढलं. सोनेरीपासून सुरुवात केली. तिथेही तीन मण्यांवर तेच. पुन्हा काढलं. तू बाजूला बसून शेंगा खात होतीस.

"वहिनी, चूल राहिली."

"राहू दे."

"नाही होत वं. तुले येत नाही असं नाही. कोणालेच येत नाही. दोन रंगांत तिनाच्या पुढं जाताच येत नाही."

"मग तिसरा रंग घे."

"तिसरा घेतला तर वाटेल तितकं लांब जाता येते. म्हणूनच घ्यायचा नाही."

"जे होत नाही ते शिकवते का तुमचं कॉलेज?"

"होत नाही हे पक्कं सांगता येणं, हे बी शिकाच लागते."

मी म्हटलं, आमच्या बाजारात जे होत नाही ते विकायला मांडत नाहीत. तू शेंगांची टरफलं माझ्या पदरात टाकलीस. त्या दिवशी वरण करपलं आणि तुझा दादा आपल्या दोघींवर ओरडला.

पुढच्या सुट्टीत तू दुसरी गोष्ट आणलीस. दोनदा टळत नाही, पण तीनदा टाळता येतं. एकच तुकडा लागोपाठ तीनदा कुठेही येणार नाही, अशी पोत दोनच रंगांत हवी तितकी लांब करता येते. युक्ती सोपी होती. एक काळा घे. त्याचं उलट, सोनेरी, त्याच्यापुढे लाव. आता काळा-सोनेरी झालं, त्या सगळ्याचं उलट, सोनेरी-काळा, पुढे लाव. झाले चार. त्या चारांचं उलट, म्हणजे काळ्याच्या जागी सोनेरी आणि सोनेरीच्या जागी काळा, पुढे लाव. आठ झाले. असंच दुप्पट करत जा.

यावर आपलं जे भांडण लागलं ते अजून मिटलेलं नाही. मी म्हणत होते, पुढचा मणी कोणता ते आधीच सांगता येतं, म्हणजे ती नक्षीच झाली, फेराच झाला. बाजारातल्या पोतीत आणि तुझ्या पोतीत फरक काय? तू म्हणायचीस, नियम वेगळा आणि फेरा वेगळा. फेऱ्यात मागचं तेच तेच गिरवतात. मी म्हणायचे, हे शिकलेल्या लोकांचे शब्दांचे खेळ. तू चिडायचीस. गोंदियाच्या कॉलेजात शिकवायला लागल्यावर, गाडीला उशीर होत असताना तू दारात चप्पल घालता घालता भांडलेली आहेस, "फेरा नाही वं तो, कितीदा सांगू," आणि मी मागून, "तूच फेरा आहे, रोज तेच बोलते." स्टेशनपर्यंत तू तणतणत जायचीस. संध्याकाळी गोंदियाहून परत आल्यावर पाणी पिण्याआधी पुन्हा तेच.

तशी पोत ओवून दे म्हणून तू किती वर्षं मागे लागली होतीस. मी टाळत होते. कारण एकच, कुणी पाहिलं तर म्हणेल पटविणीनं नणंदेला मोडक्याची दिली. तू पन्नाशीला आलीस तेव्हा एकदा म्हणालीस, आता तरी दे, मी काही मांडवात उभी राहणार नाही. मग मी बसले. तू शेजारी बसून उलट सांगत होतीस आणि मी ओवत होते. संपत आल्यावर मी विचारलं, "हे आडवं पडलं तोवर ठीक. पण गाठ मारली की शेवट सुरुवातीले जोडला जाईन. तिथं तीनदा आलं तर?"

तू माझ्याकडे पाहिलंस. म्हणालीस, हा प्रश्न मोठ्या मोठ्या लोकांनी विचारून ठेवला आहे, आणि तिथेही येत नाही, जोडून गोल केली तरी कुठेही येत नाही. मग मी गाठ मारली. तू आरशात पाहिलं नाहीस. बोटानं मणी चाचपत बसलीस.

गावात ती ब्लाउजच्या आत असायची आणि कॉलेजात बाहेर. तुझ्या मुली सांगत होत्या, तू ती गळ्यातून काढून टेबलावर ठेवायचीस आणि म्हणायचीस, यात एकच तुकडा लागोपाठ तीनदा दाखवा आणि पेढे घेऊन जा. कुणालाच पेढे मिळाले नाहीत. बाजारात बाया मला विचारायच्या, कुसुमबाईंनी गुपचूप लग्न केलं का. मी म्हणायचे, तिलेच विचारा. तेव्हाही मला म्हणता आलं असतं की ती गणिताची पोत आहे आणि मी ओवली आहे. लाज वाटायची. तुझी नाही, ओवणाऱ्या हाताची. ते हात चुकीचं ओवतात असं कुणी म्हणू नये, इतकंच मला जपायचं होतं. मग तुझ्याबद्दल काहीबाही बोलू दिलं लोकांना. अंगणात जे झालं ते काही एकाएकी झालं नाही.

तू आजारी पडलीस तेव्हा दवाखान्यात तपासणीआधी नर्सनं तुला पोत काढायला सांगितली. तू मान माझ्यापुढे केलीस. मी गाठ सोडली, मुठीत धरून बाहेर बसले, आणि तू आल्यावर पुन्हा बांधली. "घट्ट मार," म्हणालीस. मी घट्ट मारली. तेव्हा आपण दुसरं काहीच बोललो नाही. बोलायचं होतं का तुला काही? मला होतं. मी विचारलं, कॅन्टीनमधून चहा आणू का.

तेराव्यानंतर तुझ्या मुली घरी आल्या. चौघीजणी. त्यातली एक, जिनं तुझ्याच हाताखाली पुढचं शिक्षण धरलं आहे, ती माझ्याजवळ सरकली. मग म्हणाली, "आंटी, वो माला... मॅडम के साथ ही गई ना?"

मी म्हटलं, "हो. तिच्यासोबतच गेली."

"अच्छा हुआ," ती म्हणाली. "हम लोग सोच रहे थे, कोई निकाल न ले."

मी त्यांना पोहे दिले. त्यांनी खाल्ले. ताटल्या धुऊन पालथ्या घालून गेल्या. मुली चांगल्या आहेत. तेव्हा मणी आतल्या खोलीत डब्यात होते.

मुलींनो, ती सोबत गेली नाही. मी कापली. आता वाचलंत.

त्यानंतर मी डबा काढला. झाडून गोळा केलेले मणी, त्यात तांदूळ, हळद, काडीकचरा. निवडले. बरेच कमी भरले. काही अंगणाच्या भेगांत गेले असतील, काही बायांच्या पायाला लागून त्यांच्या घरी. मी नवा दोरा घेतला आणि सुरू केलं. काळा, सोनेरी, सोनेरी, काळा. मग उलट. सोनेरी, काळा, काळा, सोनेरी. आठ झाले. पुढे शेवटच्या चारांचं उलट लावलं, मग त्याच्या शेवटच्या चारांचं उलट, मग त्याचं. हात भरभर चालला. मला वाटलं, जमलं. पूर्ण झाल्यावर बोट फिरवून पाहिलं तर तेच आठ मणी, पुन्हा तेच आठ, पुन्हा तेच आठ. बाजारातली पोत झाली होती. इतकी वर्षं फेरे ओवलेला हात, त्यानं तुझ्या नियमातूनही फेराच काढला.

पोत मांडीवर ठेवून मी बसले. मग तुझं ओरडणं आठवलं. "शेवटच्या तुकड्याचं नाही वं, सगळ्याचं. पहिल्या मण्यापासून सगळ्याचं उलट." तू हे दहादा सांगितलं होतंस, पण तू शेजारी असायचीस, तूच सांगायचीस आणि मी ओवायचे, म्हणून मला कधी लक्षात ठेवावंच लागलं नाही. उसवली. या वेळी दर खेपेला पहिल्या मण्यापर्यंत मागे गेले, तिथून बोट ठेवत ठेवत तोंडानं उलट म्हणत आले. वेळ लागतो. पुढे जायचं तर आधी सगळं मागचं पुन्हा पाहावं लागतं, एकही मणी सोडून चालत नाही. मला ते नको होतं. पण दुसरा रस्ता नाही.

भांडणाचं म्हणशील तर तू बरोबर होतीस. नियम वेगळा, फेरा वेगळा. चूक करून कळलं. तू असतीस तर मी हे कबूल केलं नसतं, हेही तुला माहीत आहे.

मणी कमी होते म्हणून पोत अर्ध्या लांबीची झाली. अर्ध्यावर थांबलं तरी नियम मोडत नाही, दुप्पट होण्याआधीचीच ती. पण गळ्यात यायची नाही. कुणाच्याच गळ्यात यायची नाही, आणि ज्या गळ्यासाठी होती तो आता नाही. लिहिताना हात चांगला चालतो आहे, रडूबिडू येत नाही. रडायचा हक्क कात्री काढायच्या आधीपर्यंत होता.

कोहमाऱ्याच्या बाजारात मी ती दुकानावर लावली. बाकी पोतींच्या मधे, समोरच. पहिल्याच बाजारी एक पोर आली, नव्यानं लग्न झालेली. हात सगळ्यांवरून फिरवत नेमका तिच्यावर थांबवला. बोटानं फेरा शोधू लागली. सापडेना.

"आजी, ही मोडक्याची आहे का?"

"हो," मी म्हटलं. "माझ्या नणंदेची आहे. ती गेली तेव्हा मी तिच्या गळ्यातून कापली. ती गणित शिकवायची, त्या गणिताची ही पोत आहे. मीच ओवली होती."

पोरीनं हात काढून घेतला. शेजारच्या दुकानदारीण बाईनं मान वळवून पाहिलं. पोर थोडी मागे सरकली, मग म्हणाली, "मग विकाले कायले लावली?"

"विकाले नाही लावली."

ती गेली. त्या दिवशी माझ्या दुकानावर दुसरं गिऱ्हाईकही फारसं थांबलं नाही, बातमी बाजारात लवकर फिरते. पुढच्या बाजारी मी ती पुन्हा लावली. आताही लावते. कोणी विचारलं की सांगते. एकदा पार्वताबाईंच्या सुनेनं विचारलं, तिलाही सांगितलं, आणि सासूला सांग म्हटलं. शब्द तेच असतात. ही कुसुमची आहे, मी ओवली होती.

फार बोलावं लागत नाही, कुसुम. अंगणातही एवढंच बोलायचं होतं.